नाल्यापलीकडून दिसणारा धूर

आक्का, तुझ्या घराच्या दाराला बाहेरून कोयंडा नाही, हे मला तुझ्या तेराव्याच्या दुपारी कळलं. पाहुणे पांगले होते. मांडवाची कनात सोडून टेम्पोत टाकली होती. प्रशांतनं भोकरदनहून येतानाच नवं कुलूप आणलं होतं आणि ते हातात घेऊन तुझा लेक दारासमोर बराच वेळ उभा राहिला. कडी होती ती फक्त आतून. बाहेरच्या बाजूला गुळगुळीत झालेलं लाकूड, आणि तुझ्या हाताच्या उंचीवर तेलकट काळा डाग.

"मामा, हे घर बाहेरून बंदच होत नाही," तो म्हणाला.

तुझ्या घरी मी इतकी वर्षं येत होतो, आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तू बाजाराला किंवा लग्नाला गेलीस की नाल्यापलीकडच्या वस्तीवरची गयाबाई येऊन ओट्यावर बसायची. ती गेली की तू तिच्याकडे बसायचीस. दोन्ही वस्त्यांवर एकाच वेळी कुणी नाही, असं बहुधा कधी झालंच नाही. कोयंडा बसवण्याची गरज तुला पडली नाही. ते कुलूप अजून कोनाड्यात आहे, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. त्याच्या शेजारी तुझी काड्यापेटी.

हे मी तुझ्याच ओट्यावर बसून लिहितो आहे. तुझ्याशी बोलण्याची सवय मला फारशी नव्हती, हे तुलाही ठाऊक आहे. मी बोलायचो ते तुला समजावण्यासाठी. आता समजावण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा नुसतं बोलता येतं का ते पाहतो आहे.

भावजींना वाटणीत नाल्याकाठचं हे रान आलं तेव्हाची गोष्ट मला आठवते. गावात तुमची एक खोली होती, ती सोडून तुम्ही इथं राहायला आलात. रानात कुणी राहायला जातं ते घरात पटत नाही म्हणून, असं गावाचं मत होतं, आणि तुमच्या घरात तर कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. सायकल हाकत तुला पाहायला आलो, तर चार खांबांवर पत्रे टाकलेले, भिंतींच्या जागी तुराट्यांचे कुड, दार नाहीच, आणि दाराच्या जागी तू आळं करून कढीपत्त्याचं रोप लावत होतीस.

भावजी मला म्हणाले, "पाहा तुमची भैन! दाराचा पत्त्या न्हाई, अन् कढीपत्ता लावून राह्यली."

तू मान वर न करता म्हणालीस, "दार काय, एका रोजात व्हतं. ह्याला दोन वर्षं लागतेत. मंग आधी कोनतं करावं?"

तो कढीपत्ता आता पत्र्याच्या वर गेला आहे. तेराव्याच्या स्वयंपाकाला गावातल्या बायकांनी त्याच्या खालच्या फांद्या ओरबाडल्या. तू असतीस तर एकेकीला सुनावलं असतंस.

पुढच्या वर्षी नाल्याच्या पलीकडे काशिनाथनं बायकोला, गयाबाईला, घेऊन वस्ती केली. तुमच्यात कसला करार झाला नव्हता. एकदा तापानं तू आणि भावजी दोघंही पडून होतात, सकाळी चूल पेटली नाही, आणि इकडून धूर निघाला नाही हे पाहून काशिनाथ नाला उतरून आला. एवढंच निमित्त. त्यानंतर रोज सकाळी उठल्यावर तो आधी तुमच्या पत्र्याकडे पाहायचा आणि तुम्ही त्याच्या छपराकडे. धूर दिसला की आपापल्या कामाला. थंडीत धुकं दाटलं की धूर कळायचा नाही, तेव्हा तो नाल्याच्या काठावर येऊन हाक द्यायचा, "हाये का?" आणि तू इकडून म्हणायचीस, "हाये!" त्यात नाव नसायचं, की दुसरा शब्द नसायचा. एकदा मुक्कामाला असताना ती हाक ऐकून मी दचकून उठलो होतो. तू म्हणालीस, "नीज. हजेरी हाये आमची."

मला त्या हजेरीचं हसू आलं होतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण हसू आलं होतं हे खरं.

भावजी गेल्यानंतर तू जालन्याला माझ्याकडे यावंस, नाहीतर पुण्याला प्रशांतकडे जावंस, यावर आपला वाद सुरू झाला आणि तो वेगवेगळ्या रूपांनी चालूच राहिला. तू आली नाहीस. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. फोनवर मला शहर सोडून शेतात घर बांधणाऱ्या माणसांचे व्हिडिओ दिसू लागले. स्वतःची भाजी, स्वतःचं दूध, मातीच्या भिंती. मी ते रात्रंदिवस पाहत असे आणि माझ्याही मनात निवृत्तीनंतरचं एक घर उभं राहू लागलं होतं. एका रविवारी तुला शेजारी बसवून मी ते दाखवले. म्हणालो, "आक्का, तू आयुष्यभर जे केलंस त्याला आता शहरात मोठा मान आहे. हे लोक कुणावर अवलंबून नाहीत."

तू मिरच्यांची देठं खुडत होतीस. डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलंस.

"मीठ कुठून आनतेत?"

"मीठ विकतच आणत असतील."

"काड्यापेटी?"

"आक्का, मुद्दा तो नाही."

"बरं." पुन्हा थोडा वेळ पाहिलंस. एक तरुण जोडपं वाफ्यात पाणी सोडत होतं, आजूबाजूला दूरवर कुणी नव्हतं. "अन् ह्यांची गयाबाई कोन हाये?"

मी म्हणालो, तसं काही दाखवलेलं नाही. तू म्हणालीस, "मंग पोरीला सांग, आधी एक गयाबाई पाह्य म्हनाव. भाजी काय, कुठंबी येती." आणि मिरच्यांचं सूप उचलून आत गेलीस. मी तो तुझा विनोद समजलो. जालन्याला परतल्यावर बायकोला सांगितला, ती हसली, मीही हसलो.

भाऊबीजेला मी ओवाळणीत गॅसची शेगडी आणि टाकी आणली, तो दिवस तरी आपल्या दोघांनाही विसरता येण्यासारखा नव्हता. तुझा खोकला तेव्हा सुरू झाला होता. मी मोठ्या अभिमानानं शेगडी जोडून दिली, मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या समाधानासाठी गॅसवर चहा ठेवलास. आपण ओट्यावर बसून तो पितो आहोत तोवर नाल्याच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. काशिनाथ गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात काठी, मागं गयाबाई. अंगणाच्या कडेलाच तिनं गळा काढला होता, "माही आक्का गं!" आणि मग तिला तू दिसलीस, हातात बशी घेतलेली.

"आक्का, तुमी जित्त्या हाव?"

"मंग? तुह्या पोटात दुखून राह्यलं का मी जित्ती हाये म्हनून?"

"माही भाकर जळाली तव्यावर!" असं म्हणून ती खरोखरच रडायला लागली, आणि या वेळचं रडणं रागाचं होतं. काशिनाथ मला म्हणाला, "पाहुणे, तुमची वस्तू चांगली हाये. पर सांगून तरी पेटवायची." तू त्या दोघांना त्याच गॅसवर चहा करून दिलास. गयाबाईनं तो नाक मुरडत प्यायला. म्हणाली, बिलकुल चव नाही.

मी उपाय सुचवला. रोज सकाळी काशिनाथला मिस कॉल द्यायचा. तू चार दिवस बांधावर चढून, जिथं रेंज येते तिथं उभं राहून दिलास. पाचव्या दिवशी कळलं की काशिनाथचा फोन त्याचा मुलगा शाळेत घेऊन जात होता. तू मला फोनवर सांगितलंस, "तुह्या मिस कॉलनं भोकरदनच्या शाळेला कळलं मी जित्ती हाये. नाल्यापलीकडं न्हाई कळलं." आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चूल.

इथवरचं सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

खोकला वाढला, डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला बजावलं, आणि मी पुन्हा आलो. तू स्वयंपाकघरात चुलीपुढं बसली होतीस. डोळे लाल. आल्याआल्या मी बोलायला लागलो. मी मोठ्यानं बोलत नाही, हे लोक माझ्या बाजूनं सांगतात. पण हळू आवाजात किती टोचून बोलता येतं हे तुला माहीत होतं. मी म्हणालो, शिकल्या-सवरल्या घरात जन्मली असतीस तरी तू अशीच वागली असतीस. म्हणालो, तुला जगायचं नसेल तर तसं सांग. शेवटी म्हणालो, "एक दिवस याच धुरात जीव जाईल तुझा."

तू फुंकणी खाली ठेवलीस. मला वाटलं आता तू चिडशील. तू अगदी साधेपणानं म्हणालीस, "जाईल तवा धूर निघनार न्हाई, बापू. काशिनाथला कळंल."

मी भाकरी न खाता निघालो. तू थांबवलं नाहीस. जालन्याला पिशवी उघडली तर तळाशी फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि ठेचा. ते मी खाल्लं, पण तसं सांगायला फोन मात्र केला नाही. नंतर आपण बोललो ते हवापाण्याचं, तुरीला शेंगा कशा लागल्या त्याचं. तुझ्या आवाजात राग नव्हता. मी त्या वाक्याबद्दल काही म्हणावं याची तू वाट पाहत होतीस, असं मला आता वाटतं, तसं नसेलही. तू वाट पाहणाऱ्यांतली नव्हतीस, आणि माझ्या अपराधीपणाला मोठेपण यावं म्हणून मी तुला तशी बनवू नये.

त्या सकाळी धूर निघाला नाही. काशिनाथ आला तेव्हा तू अंगणात होतीस. गवतावरचं दव अजून तसंच होतं, असं तो सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू तुझ्या वतीनं कुणाला हिशेब देत होता की आक्का एकटी पडून राहिली नाही. तुराट्या रचलेल्या होत्या. काडी ओढायची राहिली होती.

मी पोचलो त्या गर्दीत माझ्या मनात एकच गोष्ट अडकली होती. चूल तर आत आहे. मग तू अंगणात काय करत होतीस? विचारायला धीर झाला नाही. सगळं आटोपल्यावर, तिसऱ्या दिवशी राख सावडून परत आल्यावर, मी गोठ्याच्या मागच्या बाजूला गेलो. तिथं वाऱ्याच्या आडोशाला एक नवी चूल होती. नव्या मातीची, अजून पुरती काळीही न पडलेली. तिच्यावर आंघोळीच्या पाण्याचा हंडा. मग मी स्वयंपाकघरात गेलो. आतली चूल सारवून ठेवलेली, कोरी, वर उपडं घातलेलं पातेलं. आणि गॅसच्या शेगडीवर दूध उतू गेल्याचा पिवळा डाग.

काशिनाथला विचारलं. तो आधी गयाबाईकडे पाहायला लागला.

"सांगा आता," गयाबाई म्हणाली. "आता कोन रागवनार हाये?"

"तुमी भांडून गेल्ते ना, पाहुणे, त्याच्या दुसऱ्या रोजी आक्कानं माती कालवली. स्वैपाक समदा गॅसवर. पानी तापवायला ही बाहीरची. धूर वर निघून जातो, छातीत जात न्हाई. अन् आमाला दिसतो बराबर."

"मला सांगितलं नाही तिनं."

"सांगू नका म्हनल्त्या." तो जरा घुटमळला. "म्हने, बापूला कळलं का तो दर रविवारी येऊन दुसरं काही सुदरवंल."

आक्का, मी तिथं गोठ्यामागं बसून हसलो. तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा. मग मला हसता येईना. आपला वाद मी अर्धवट सोडून गेलो, असं मी त्या दिवसांत उराशी धरून बसलो होतो, आणि तू तो दुसऱ्याच दिवशी मिटवून टाकला होतास. माझं जे खरं होतं ते तू घेतलंस, तुझं जे खरं होतं ते ठेवलंस, चार पाट्या मातीत दोन्ही बसवलीस. मला तेवढं सुचलं नव्हतं, कारण मला तुला चुलीपासून उठवायचं होतं. चूल कुठं असावी हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

त्या खोकल्यानं तू गेलीस का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आतल्या चुलीपुढं तू काढलेल्या वर्षांचं काय, हेही मला विसरता येत नाही. तेव्हा त्या वादात मी पूर्ण चुकलो होतो असं म्हणून मी सुटणार नाही, आणि तूही म्हणू देणार नाहीस. पण तुला शोधायला नाला ओलांडून माणूस आला तो तुझ्या पद्धतीनं आला. माझा फोन दहा वाजता असायचा.

रानात घर करून राहणं म्हणजे कुणाची गरज न लागणं, असं मी समजत होतो. ते चित्र मला आवडण्याचं कारणही आता दिसतं. मला कुणाला उत्तर द्यायला नको होतं. तू मात्र रोज उठल्यावर सगळ्यांत आधी नाल्यापलीकडं उत्तर पाठवायचीस, आणि त्यांचं आलं का ते पाहायचीस. मिरची, तूर, गाय, कढीपत्ता हे सगळं त्यानंतर. ताप असो, भांडण असो, गयाबाईशी तुझा दोन महिने अबोला होता तो पाणी वळवण्यावरून, तेव्हाही धूर चुकला नाही. मी तुला त्या वेळी विचारलं होतं, बोलत नाहीस तर तिच्यासाठी धूर कशाला? तू म्हणालीस, "बोलत न्हाई म्हनून काय मेले का मी?"

तर तेराव्याच्या दुपारी प्रशांत कुलूप घेऊन उभा होता. त्याचं चुकत नाही, हे तुला मी सांगायला हवं. पुण्यातली नोकरी सोडून तो येऊ शकत नाही. रान काशिनाथला वाट्यानं द्यायचं, गाय त्याच्याच गोठ्यात, घर बंद, असं त्यानं ठरवलं होतं. 

काशिनाथ म्हणाला, "कोयंड्याला सुतार आनावा लागंल. उद्याच्या उद्या व्हनार न्हाई. दोन-तीन रोज."

मी म्हणालो, "मी राहतो तोवर."

"तोवर?" प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. "मामा, आणि पुढं?"

"हरभरा निघेपर्यंत रजा आहे माझी. त्यानंतरचं मला माहीत नाही. पण सुतार बोलावू नकोस एवढ्यात."

 मग त्यानं कुलूप कोनाड्यात ठेवलं. जाताना गाडीतून म्हणाला, "मामा, तुम्हाला दूध काढता येतं?" मी येतं म्हणालो. तू ऐकलं असतंस तर माझी अब्रू ठेवली नसतीस. दोन दिवस गयाबाईच येऊन धार काढते आहे आणि गाय माझ्याकडे संशयानं पाहते आहे.

चूलही मला नीट पेटवता येत नाही. परवा मी कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या घातल्या. एवढा धूर झाला की काशिनाथ पुन्हा धावत आला. त्याला वाटलं कडब्याची गंज पेटली. काल बरं जमलं. पाणी कोमट झालं.

आज सकाळी धुकं होतं. गोठाही दिसत नव्हता. मी तुझ्या चुलीपुढं बसून कोनाड्यातल्या पेटीतली काडी ओढली, तुराट्या धरल्या, धूर वर गेला आणि हातभर अंतरावर धुक्यात मिसळून नाहीसा झाला. मला वाटलं, आज हे कुणासाठी? दिसणार तर कुणालाच नाही. तेवढ्यात नाल्याच्या बाजूनं काशिनाथची हाक आली. तशीच, बिननावाची.

"हाये का?"

 ती तुझ्यासाठीची हाक होती, मी तिला उत्तर द्यावं की नाही हे मला कळेना. पुन्हा आली, जरा मोठ्यानं. तिच्यात काळजी होती, आणि काळजी करणारा माणूस थंड पाण्यात पाय घालायच्या बेतात होता.

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "हाये!"

 मग धुक्यातून गयाबाईचा आवाज आला, "मंग गाय हंबरून राह्यली ते ऐकू येत न्हाई का? मी काय रोजच येनार हाये?"

आक्का, मी बादली घेऊन गोठ्यात गेलो.